लहान दवाखाने कोणाच्या हवाली करणार?

७ जून २०२१ रोजी मुळशी तालुक्यातील उरवडे येथील रासायनिक कारखान्यास आग लागली आणि सतरा कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. सुरक्षिततेच्या नियमांची चर्चा झाली, चौकशीचे आदेश निघाले आणि विषय मागे पडला. परंतु एक प्रश्न विचारावयाचा राहूनच गेला. ज्या पट्ट्यात कारखाने आले, वसाहती आल्या, जमिनीचे भाव गगनाला भिडले, त्या पट्ट्यात माणूस जगविण्याची व्यवस्था का आली नाही?

निवृत्तीनंतर मी भुकूम येथे राहावयास आलो. राम नदी जेथून पुण्याकडे निघते, तोच हा परिसर. येथून गंभीर दुखणेही नदीसारखे पुण्याकडेच वाहते. ताम्हिणीकडील माणूस पौडास येतो, पौडाचा पिरंगुटास, पिरंगुटाचा भुकूम-भूगावास आणि अखेरीस सर्वांची गाडी चांदणी चौकातील गर्दीत अडकते. २०२३ साली तेथे नवे उड्डाणपूल झाले; पण उड्डाणपूल म्हणजे रुग्णालय नव्हे. एका रात्री शेजारच्या सुनेस बाळंतपणासाठी घेऊन आम्ही तीन दवाखान्यांची दारे ठोठावली. एका ठिकाणी शस्त्रक्रियागृह होते, भूलतज्ज्ञ नव्हता; दुसरीकडे डॉक्टर होते, रक्ताची सोय नव्हती; तिसऱ्याचे दार बंद होते. तिघांचे मिळून एक चांगले रुग्णालय झाले असते. ते तीन अपुरे दवाखाने होते म्हणून आम्हांला शहर गाठावे लागले. बाई वाचली, मूलही वाचले. परंतु नशिबाला आरोग्यव्यवस्था म्हणण्याची माझी तयारी नाही.

थोडे गणित मांडतो. भोर समितीने १९४६ साली दूरच्या उद्दिष्टात दहा ते वीस हजार लोकवस्तीमागे पंचाहत्तर खाटांचे रुग्णालय सुचविले होते. मुळशी तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच दीड लाखाहून अधिक होती. वीस हजारांचे सैल माप लावले तरी साडेपाचशेहून अधिक खाटा लागतात. ग्रामीण रुग्णालय म्हणजे सरकारी मापाने तीस खाटा. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के सरकारी खर्चाचे वचन २०२५ पर्यंतसाठी दिले. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता आणि एकूण आरोग्यखर्चातील ३९.४ टक्के रक्कम लोक स्वतःच्या खिशातून भरत होते. ही पोकळी ज्यांनी भरली ते हेच पाच-दहा खाटांचे खाजगी दवाखाने.

या दवाखान्यांविषयी आपल्या चळवळीची भूमिका काय? बहुतेक कार्यकर्त्यांचे उत्तर एका वाक्यात संपते : डॉक्टर हा दुकानदार, आमची मागणी सरकारी रुग्णालयाची. मागणी शंभर टक्के बरोबर आहे. पण मागणी पुरी होईपर्यंत हे दवाखाने कोणाच्या हाती जाणार, याचा विचार आपण करीत नाही. भांडवलदार मात्र करतो. पुण्यात एका न्यूरोसर्जनच्या पुढाकाराने उभी राहिलेली सह्याद्री रुग्णालयांची साखळी २०२२ साली कॅनडातील ओंटारिओ प्रांताच्या शिक्षकांच्या निवृत्तिवेतन निधीने घेतली. २०२५ साली ती विकत घेत असल्याचे मणिपाल समूहाने जाहीर केले. मी स्वतः निवृत्त शिक्षक आहे. ओंटारिओतील माझ्या व्यवसायबंधूंचे म्हातारपण सुखाचे व्हावे, एवढीच माझी इच्छा. परंतु त्यासाठी पुण्यातील रुग्णाच्या बिलातून परतावा निघावा, ही कसली अर्थव्यवस्था? आज शहरातील साखळ्या विकल्या जात आहेत. उद्या पौड रस्त्याची पाळी आहे.

लहान दवाखाना का टिकत नाही? त्याचा मालक नालायक असतो म्हणून नव्हे. शस्त्रक्रियागृह, जनित्र, प्राणवायू, रात्रपाळीची परिचारिका, भूलतज्ज्ञ हे खर्च अविभाज्य आहेत. रुग्ण दोन असोत की वीस, खर्च तेवढाच. दहा खाटांवर तो बसत नाही. मग डॉक्टर एक तर अनावश्यक तपासण्या लिहितो, नाही तर मोठ्या रुग्णालयात रुग्ण पाठवून त्याचा ‘कट’ घेतो, नाही तर टाळे लावतो. साखळी हाच खर्च शंभर खाटांवर पसरते. हे तिचे खरे बळ. पण खर्च पसरण्यासाठी मालकी एकाचीच असावी लागते, हे कोणत्या अर्थशास्त्रात सांगितले आहे? ते काम करारानेही होते, सहकारानेही होते.

याचा पुरावा प्रत्येक दवाखान्याच्या मागच्या दाराशी आहे. जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांमुळे दवाखान्यांचा कचरा एकाच गाडीत पडून सामाईक प्रक्रिया केंद्रात जातो. म्हणजे वापरलेल्या सुया फेकण्यासाठी आमचे डॉक्टर एकत्र येऊ शकतात. नव्या सुया घेण्यासाठी मात्र येऊ शकत नाहीत! कायद्याने कचऱ्यापुरते जे घडविले, ते औषधखरेदीत, रक्तसाठवणुकीत, रुग्णवाहिकेत आणि भूलतज्ज्ञाच्या पाळीपत्रकात का घडू नये?

हे स्वप्नरंजन नव्हे. मुंबईत दादरला शुश्रूषा हे नागरिकांचे सहकारी रुग्णालय १९६९ पासून चालू आहे. बडोद्याची लोकॉस्ट ही संस्था १९८० च्या दशकापासून सेवाभावी दवाखान्यांना स्वस्त व प्रमाणित औषधे पुरवीत आली. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचासारख्या गावात डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेत महागड्या जाळीऐवजी निर्जंतुक केलेले मच्छरदाणीचे कापड वापरून दाखविले आणि अशा शल्यचिकित्सकांच्या संघटनेतून तो अनुभव गावोगावी पोचला. भांडवलशाहीच्या बालेकिल्ल्यात, अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातसुद्धा, ग्रामीण रुग्णालयांनी १९७९ साली आपली सहकारी संस्था काढली. त्याच देशात २०१० नंतर शंभराहून अधिक ग्रामीण रुग्णालये बंद पडली, हेही ध्यानात ठेवावे.

येथे दोन आक्षेप घेतले जातील. पहिला : सहकाराचे नाव काढू नका, साखर कारखान्यांचे काय झाले ते पाहा. पाहिले आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला जे उभे केले, त्याचे पुढच्या पिढ्यांनी ठिकठिकाणी संस्थान केले. १९८३ साली विनाअनुदानित महाविद्यालयांचे दार उघडताच त्याच घराण्यांतून शिक्षणसम्राट निघाले. पण यावरून सहकार वाईट ठरत नाही. सभासदाने पहारा सोडला की काय होते, एवढेच ठरते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : डॉक्टर एकत्र आले तर दर वाढविण्यासाठीच येतील. खरे आहे. केवळ मालकांची एकी म्हणजे मक्तेदारीची धाकटी बहीण.

म्हणूनच आपला पाठिंबा अटींवर असला पाहिजे. पहिली अट : सहकारी संस्थेत डॉक्टरांबरोबर परिसरातील कुटुंबे व तेथील परिचारिका, कर्मचारी सभासद असावेत आणि कारभारी मंडळात त्यांचे बहुमत असावे. दुसरी : शुश्रूषागृहांच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागी लावलीच पाहिजे, आज अनेक ठिकाणी भिंतीवर देवाची तसबीर असते, सनद नसते. तिसरी : रुग्ण कोठे पाठवावयाचा ते छापील यादीने ठरावे, म्हणजे ‘कट’ आपोआप मरेल. ‘कट’विरोधी कायद्याचा मसुदा २०१७ सालीच झाला होता, तो कायदा झाला नाही, यावरून कोणाचे हितसंबंध किती खोल आहेत ते समजावे. चौथी : या जाळ्याच्या मध्यभागी पौडचे सरकारी ग्रामीण रुग्णालय असावे. रात्रीचा भूलतज्ज्ञ तेथेही जावा, आणि रक्तसाठवण केंद्र तेथे असावे, कोणा मालकाच्या तळघरात नव्हे.

या चौथ्या अटीवर तडजोड नाही. सहकार हा सरकारच्या जबाबदारीला पर्याय नव्हे. तसा तो होऊ दिला तर राज्यकर्ते आनंदाने हात झटकतील. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा पाच लाखांपर्यंत नेली, याचा गाजावाजा झाला. पण विम्याचे कार्ड खिशात असून रुग्णालय वीस किलोमीटरवर असेल, तर रात्री दोन वाजता ते कार्ड कोणत्या नाडीला लावावयाचे? लहान दवाखान्यांना एकत्रितपणे या योजनेत स्थान मिळावे, आणि राष्ट्रीय सहकारी विकास निगमाने २०२० साली जाहीर केलेल्या आयुष्मान सहकार योजनेतील कर्ज अशा संस्थांना आधी मिळावे, यासाठी लढावे लागेल.

रचना आणि संघर्ष ही आपल्या चळवळीची दोन पावले. आपण मोर्चे पुष्कळ काढले. दवाखान्याच्या पायरीवर बसून डॉक्टरशी हिशेबाची भाषा मात्र बोललो नाही. तालुक्यातील कार्यकर्त्यांनी ते काम भुकूमपासून सुरू करावे. प्रथम प्रत्येक दवाखान्यात काय आहे आणि काय नाही याची यादी करावी, मग डॉक्टर, आशा कार्यकर्त्या व ग्रामस्थ यांची एकत्र बैठक बोलवावी. पहिला ठराव लहान असू द्या : रात्रीचे पाळीपत्रक.

शंभर वर्षांपूर्वी याच मुळशीत सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकरी टाटांच्या धरणाविरुद्ध उभे राहिले. जमीन येथली बुडाली, वीज मुंबईला गेली. तो लढा आपण हरलो, पण प्रश्न कळण्यास उशीर झाला नव्हता. आता दुखणे येथले आणि नफा परदेशी निधीचा, असा नवा बांध घातला जात आहे. या वेळी पाणी चढण्याआधी जागे व्हावे.