त्यांची घंटा, आमचा भोंगा



गेल्या रविवारी अभ्यासवर्गात आपला एक शिकलेला दोस्त बोलला. नाव घालत नाही, उगाच भांडण वाढंल. म्हणाला, बातम्या बघायच्या तर ब्रिटिशांच्या बघा. माणूस शांत बसतो, शांत बोलतो, आरडत नाही, बोट नाचवत नाही. याला म्हणतात तटस्थता. आपल्याकडं नुसती भुंकाभुंक.

भुंकाभुंक हाय, कबूल. पण जो शांत बोलतो तो खरंच बोलतो, हे कुणी सांगितलं? आमच्या सूतगिरणीच्या मालकानं आजवर कधी आवाज चढवला नाही. कामावरून काढतानाही चहा पाजतो. आवाज चढवायला त्यानं मुकादम ठेवलाय.

म्हणून रात्रपाळी करून आल्यावर झोप मोडून मी वाचलं, बघितलं. सांगतो.

ही ब्रिटिश शांतता आभाळातून पडलेली नाही. ती शिंप्याकडं माप देऊन शिवून घेतलेली आहे. हे मी अलंकार म्हणून बोलत नाही. बीबीसीच्या सुरुवातीच्या काळात, जॉन रीथसाहेबाच्या राज्यात, रात्री रेडिओवर बोलणाऱ्या निवेदकानं डिनर जॅकेट चढवूनच माइकपुढं बसायचा रिवाज होता. रेडिओवर! बघतंय कोण? कुणी बघत नव्हतं. पण कपडे अंगावर आले की आवाज आपोआप त्या कपड्यांचा होतो, हे साहेबाला बरोबर ठाऊक होतं.

मग टीव्ही आला. 5 जुलै 1954 ला बीबीसीनं टीव्हीवर पहिलं बातमीपत्र दिलं. रिचर्ड बेकर नावाच्या माणसानं वाचलं, पण तो दिसलाच नाही. पडद्यावर फोटो, नकाशे, आणि मागून आवाज. का? तर चेहरा दिसला की भुवई हलंल, आणि भुवई हलली की मत कळंल. निःपक्षपातीपणासाठी माणूस झाकून ठेवायचा! हे थोर तत्त्व किती टिकलं? चौदा महिने. 22 सप्टेंबर 1955 ला जाहिरातवाल्या आयटीव्हीबरोबर आयटीएनच्या बातम्या सुरू व्हायच्या होत्या, आणि त्यांचे निवेदक तोंड दाखवून बोलणार होते. त्याच महिन्यात, आयटीएनच्या थोडं आधी, बीबीसीनं केनेथ केंडॉलला पडद्यावर बसवला. भुवया तेव्हाही हलतच असणार. पण शेजारी दुसरं दुकान उघडत होतं ना!

आता आवाजाचं घ्या. हे आपल्या जिव्हाळ्याचं हाय. आपण सभेत ‘पानी’ म्हटलं की पहिल्या रांगेतले गालात हसतात, ते तुम्हाला नवीन नाही. 1941 साली, युद्ध चालू असताना, बीबीसी रेडिओच्या राष्ट्रीय बातम्या वाचायला विल्फ्रेड पिकल्स नावाचा माणूस आणला. हॅलिफॅक्सचा. हॅलिफॅक्स म्हणजे यॉर्कशायरमधलं लोकरीच्या गिरण्यांचं गाव. गडी आपल्या गावच्या वळणानं बोलायचा. उत्तरेकडच्या लोकांना निरोप देताना ‘गुड नाइट’ न म्हणता ‘गुड नीट’ म्हणायचा. तर तक्रारी! या तोंडून बातमी खरी वाटत नाही म्हणणारे निघाले. बातमी तीच, कागद तोच. फक्त जीभ गिरणीगावची. म्हणजे खरं-खोटं ठरत होतं ते बातमीवरून का वाचणाऱ्याच्या जातकुळीवरून? त्यांच्यात जात नाही म्हणतात. वर्ग आहे, आणि तो तोंड उघडलं की कळतो.

पुढं काळी माणसं खुर्चीवर आली. त्रिनिदादचा ट्रेव्हर मॅकडोनाल्ड 1973 ला आयटीएनमध्ये वार्ताहर झाला, पुढं त्यांचा सगळ्यात मोठा चेहरा झाला. 1981 ला मोइरा स्टुअर्ट बीबीसीवर बातम्या वाचायला बसली. याची टिंगल मी करणार नाही. ज्यांना दारात उभं करत नव्हते ते टेबलामागं बसले, ही लढाई होती. आपल्यातले काहीजण म्हणतात, आपलाही पोरगा, आपली पोरगी अँकर झाली पाहिजे. व्हायलाच पाहिजे. पण खुर्ची मिळाल्यावर आवाजही खुर्चीचाच घ्यावा लागला तर बदललं काय? बाबासाहेबांनी 1920 ला ‘मूकनायक’ काढला, तो दुसऱ्याच्या पेपरात कोपऱ्याची जागा मागायला नव्हे.

वेळेचं राजकारण याहून मजेशीर आहे. 1957 पर्यंत ब्रिटनमध्ये संध्याकाळी 6 ते 7 टीव्ही बंदच असायचा. पोरांना झोपवायला! आयटीव्हीवाल्यांना त्या तासाच्या जाहिराती बुडत होत्या. त्यांनी रेटा लावला, सरकारनं तो नियम काढला. पोरांच्या झोपेचं मग पुढं काय झालं, कुणी विचारलं नाही.

3 जुलै 1967 ला आयटीव्हीवर ‘न्यूज ॲट टेन’ सुरू झालं. रात्री दहाला, अर्धा तास. बिग बेनची घंटा, मग एक ठळक बातमी, पुन्हा घंटा, पुन्हा बातमी. बघा, कुणाचं घड्याळ निवडलं? पार्लमेंटचं. घंटेमागून जे वाक्य येतं ते कायदा झाल्यासारखं ऐकू येतं. माझा आजा मुंबईच्या गिरणीत होता, 18 जानेवारी 1982 च्या संपापर्यंत. त्याचा दिवस भोंग्यावर उगवायचा. भोंग्यावर बातमीपत्र सुरू केलेलं मी कुठल्याही देशात ऐकलेलं नाही. आणि पहाटे पाचला उठून पहिल्या पाळीला जाणारा रात्री दहाला जागा असतो का, हा सवाल वेगळाच.

बरं, ही घंटा तरी इतकी पवित्र का? 1993 ला आयटीव्हीवाले तिला दहावरून हलवायला निघाले. कारण सरळ होतं. नऊनंतर मोठ्या माणसांचे सिनेमे लावायला मुभा, आणि दहाच्या बातम्यांमुळं सिनेमाचे दोन तुकडे व्हायचे. जाहिरातींचा चांगला गिऱ्हाईक त्यातच असतो. तेव्हा पंतप्रधान जॉन मेजर आणि बाकी पुढारी ओरडले, बेत मागं पडला. 1999 च्या मार्चमध्ये मात्र हलवलीच. मग 16 ऑक्टोबर 2000 ला बीबीसीनं आपल्या नऊच्या बातम्या उचलून दहावर नेल्या. मोकळी जागा दिसली की रात्रीत टपरी टाकावी तसं. नियामक मंडळानं दटावल्यावर आयटीव्ही जानेवारी 2001 ला परत दहावर आलं, पण सगळे दिवस नाही. लोकांनी नाव ठेवलं, ‘न्यूज ॲट व्हेन’. मग 2004 ला साडेदहा, 2008 ला पुन्हा दहा. देशाची बातमी आणि तिची अवस्था पाळी न मिळालेल्या बदली कामगारासारखी!

आणि शेवटी काय, तर ‘अँड फायनली’. दंगल, बेकारी, बॉम्ब, सगळं झाल्यावर एखादं कुत्र्याचं नाहीतर बदकाचं गोड पिल्लू. जा, झोपा.

आता मूळ गोष्ट. ग्लासगो विद्यापीठातल्या काही अभ्यासकांनी संपाच्या टीव्ही बातम्या महिनोन्‌महिने रेकॉर्ड करून तपासल्या आणि 1976 ला ‘बॅड न्यूज’ नावाचं पुस्तक काढलं. त्यांना काय दिसलं? साहेब ऑफिसात, खुर्चीवर, शांत. कामगार गेटबाहेर, गोंगाटात, घोळक्यात. साहेब ‘देऊ करतो’, कामगार ‘मागणी करतो’, ‘धमकी देतो’. गेटावर उभं राहून शांत कसं बोलायचं, मागं ट्रक वाजत असताना? ज्याला खोली दिली त्याला शांतपणा फुकट मिळतो.

मी रिंग खात्यात आहे. धागा तुटला की सांधतो. सांधा नीट बसला तर कापडात कळतसुद्धा नाही की इथं तुटलं होतं. बातमीची फिल्मही सांधतात. 1984 च्या मार्चपासून ब्रिटनमध्ये खाणकामगारांचा संप चालू होता, थॅचरबाईंचं सरकार खाणी बंद करायला निघालं होतं. 18 जूनला दक्षिण यॉर्कशायरमधल्या ऑरग्रीव्हला, कोकच्या कारखान्यापुढं, हजारो कामगार पिकेटिंगला जमले. समोर ढालवाले पोलीस, घोडेस्वार पोलीस. त्या संध्याकाळी बीबीसीनं दाखवलं: कामगार दगड मारतात, मग घोडे सुटतात. कामगार ऊर बडवून सांगत होते, आधी घोडे आले, मग दगड. ऐकतंय कोण? बीबीसीनं दाखवलंय ना!

1991 साली बीबीसीनं पत्रात कबूल केलं की क्रम उलटा लागला होता. घाईत, अनवधानानं.

अनवधान! माझ्याकडून अनवधानानं एक बॉबिन खराब झाली तर पगारातून कापतात. इथं सात वर्षं गेली. 95 जणांवर खटले भरले, बहुतेकांवर दंगलीचा आरोप, ज्याला तेव्हा जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. 1985 ला पोलिसांचे जबाब टिकले नाहीत, खटला कोसळला. 1991 ला पोलिसांनी 39 कामगारांना 4,25,000 पौंड दिले, चूक मान्य न करता. सरकारी चौकशी जाहीर व्हायला 2025 उजाडलं. 41 वर्षं. तोवर कितीजण मेले, आणि शेजाऱ्यांच्या डोळ्यांत दगड मारणारेच राहून मेले.

दोस्ता, त्या रात्रीच्या बातम्यांत कुणी आरडलं नव्हतं. बोट नाचवलं नव्हतं. तक्रार आवाजाची नव्हतीच, सांध्याची होती.

पुढच्या रविवारी माझी दुसरी पाळी आहे, सकाळी मोकळा आहे. तुला आवडतं ते कुठलंही ब्रिटिश बातमीपत्र मोबाईलवर घेऊन ये. आवाज बंद करून बघू. कोण बसलंय, कोण उभं आहे, कुणाच्या मागं पुस्तकांचं कपाट आहे आणि कुणाच्या मागं पोलीस, एवढंच वहीत लिहायचं. चहा माझ्याकडं.