संगणक शिकणाऱ्याने इतिहास कशाला वाचायचा?

बारावीचे निकाल लागले की घराघरांत एकच चर्चा सुरू होते. मुलाने संगणक घ्यायचा, हे बहुतेक ठिकाणी आधीच ठरलेले असते. प्रश्न उरतो तो कुठल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, आणि तिथे नंबर लागला नाही तर बीसीएस की बीसीए, एवढाच. अलीकडे या चर्चेत ‘लिबरल आर्ट्स’ हा नवा शब्द ऐकू येतो. अमेरिकेला निघालेल्या मुलांच्या यादीत अशी महाविद्यालये असतात. सोनपतचे अशोका, पुण्याजवळ लवळ्याचे फ्लेम अशा विद्यापीठांमुळे तो आपल्याकडेही रुळू लागला आहे. आईवडिलांची पहिली प्रतिक्रिया मात्र ठरलेली: आर्ट्सला जाऊन कॉम्प्युटर कसला शिकणार?

दहावीनंतर मुलांना शास्त्र, वाणिज्य आणि कला अशा तीन रांगांत उभे करण्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे, की कला म्हणजे गुण कमी पडलेल्यांची शाखा हे गणित डोक्यात पक्के बसले आहे. या ‘आर्ट्स’चा त्या शाखेशी फारसा संबंध नाही. जुन्या युरोपात भूमिती आणि खगोलशास्त्रसुद्धा यातच मोडत. आजच्या अमेरिकन पद्धतीत चार वर्षांपैकी साधारण एक तृतीयांश किंवा थोडा अधिक अभ्यास मुख्य विषयाचा, बाकी इतर विषयांचा. आणि मुख्य विषय कोणता, हे बहुधा दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस सांगायचे.

गंमत अशी, की सामान्य माणसाच्या हाती संगणक देण्याचा एक मोठा प्रयोग अशाच परंपरेतल्या महाविद्यालयात झाला. न्यू हॅम्पशायरमधल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ हे गणिताचे दोन प्राध्यापक होते. केमेनी मूळचा बुडापेस्टचा, काही काळ आइन्स्टाइनचा साहाय्यक. तेथील बहुसंख्य मुले विज्ञानाची नव्हती. पण उद्या कंपन्यांत आणि सरकारात निर्णय घेणार ती हीच, तेव्हा त्यांनी संगणकाला हात लावलाच पाहिजे, असा या दोघांचा आग्रह होता. त्यासाठी त्यांनी सोपी ‘बेसिक’ भाषा रचली, आणि एकच यंत्र अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी व्यवस्था विद्यार्थ्यांना हाताशी धरून उभी केली. 1 मे 1964 च्या पहाटे ती चालली. आपल्याकडे ऐंशी-नव्वदच्या दशकांत गल्लोगल्ली निघालेल्या क्लासेसमध्ये पुष्कळांनी पहिला प्रोग्राम लिहिला तो याच ‘बेसिक’मध्ये.

पुढे 1986 साली नॉर्मन गिब्ज आणि ॲलन टकर यांनी अशा महाविद्यालयांसाठी संगणकशास्त्राचा नमुना अभ्यासक्रमच प्रसिद्ध केला. म्हणजे हे काही कालचे खूळ नाही.

संगणकशास्त्राला लागून असलेला दुसरा विषय म्हणजे माहिती प्रणाली. माझ्यासारख्या बँकवाल्याला तो जवळचा. यंत्राने काय करायचे, यापेक्षा माहिती कोण भरतो, कोण तपासतो आणि चुकली तर निस्तरतो कोण, हे त्यात महत्त्वाचे. लेजरच्या काळात व्हाउचर एकाने करायचे आणि पास दुसऱ्याने, हा नियम होता. संगणक आला तेव्हा तो नियम यंत्रातही घालावा लागला. तो घालणाऱ्याला प्रोग्रामिंगइतकाच माणसाचा स्वभाव ठाऊक असावा लागतो. परवाच एका बँकेत माझ्या खात्यातून पैसे का कापले, असे विचारले तर काउंटरवरचा तरुण म्हणाला, ‘‘काका, सिस्टिमनेच कापलेत.’’ जणू सिस्टिम ही वरून पाठवलेली कुणी साहेब आहे!

माझे शे-दोनशे रुपयांवर भागले. ब्रिटनमध्ये याच वृत्तीने संसार उद्ध्वस्त केले. तेथील पोस्टाने 1999 पासून फुजित्सू कंपनीची ‘होरायझन’ ही हिशेबप्रणाली बसवली. तिच्यात दोष होते आणि नसलेली तूट दिसे. पण न्यायालये संगणक बरोबरच चालतो असे गृहीत धरीत. त्यामुळे छोटी पोस्टे चालवणाऱ्या नऊशेहून अधिक लोकांवर चोरी, अफरातफरीचे शिक्के बसले. भारतीय वंशाची एक गर्भवती स्त्री तुरुंगात गेली. 2019 मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीतले दोष मान्य केले, आणि 2024 मध्ये संसदेला कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या. इथे प्रोग्राममधली चूक छोटी म्हणावी. यंत्राचा आकडा आणि माणसाचा शब्द यांत विश्वास कुणावर ठेवायचा, हा मोठा प्रश्न होता, आणि तो कायदा, इतिहास, तर्कशास्त्र वाचलेल्याला लवकर पडतो.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अशा महाविद्यालयांत संगणकाचे विभाग बहुधा लहान, प्रगत विषय मोजके. निव्वळ तंत्रात खोल उतरायचे असेल तर अभियांत्रिकीच बरी. खासगी विद्यापीठांची फी तर मध्यमवर्गाला घाम फोडणारी. पण सरधोपट प्रोग्राम आता कृत्रिम बुद्धिमत्ता लिहून देते, तेव्हा केवळ ‘कोडिंग येते’ या भांडवलावर तीस वर्षांची नोकरी निघेल, असे मला वाटत नाही.

आणि लाखोंची फी भरणे हाच एक मार्ग नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय घेण्याची मुभा साध्या महाविद्यालयांनाही दिली आहे. मात्र संगणकाचे प्रात्यक्षिक आणि अर्थशास्त्राचा तास एकाच वेळी लावला असेल, तर ही मुभा कागदावरच राहते. पालकांनी माहितीपुस्तक जरूर चाळावे, पण प्रवेशाआधी मागच्या वर्षीचे वेळापत्रकही मागून घ्यावे.