आतल्या बाजूची कडी

कुलूप घडवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असतो तो बाहेरचा चोर. आत कोणी राहिले तर त्याने काय करायचे, हा प्रश्न त्याला पडतो तो बहुधा प्रेते मोजून झाल्यावर. मोटारीची डिकी आतून हाताने उघडता यावी, एवढ्या साध्या सोयीमागेही हाच जुना क्रम आहे.

१८८३ साली इंग्लंडमधील संडरलंड येथे, व्हिक्टोरिया हॉलच्या सज्जातून खेळण्यांच्या बक्षिसांकडे धावलेली मुले जिन्याच्या तळाशी अशा दारावर आदळली, जे आतल्या बाजूला उघडत होते आणि एका वेळी एकच मूल बाहेर पडेल इतक्याच फटीवर बोल्ट लावून अडकवलेले होते. १८३ मुले गुदमरून गेली. वीस वर्षांनी शिकागोच्या इरोक्वॉय नाट्यगृहाला आग लागली तेव्हा दारांच्या कड्या लोकांना उघडता आल्या नाहीत आणि सहाशेहून अधिक जीव गेले. अंगाचा भार पडताच दार उघडणारा आडवा दांडा अशा दुर्घटनांनंतरच रूढ झाला. तरीही १९११ मध्ये न्यूयॉर्कच्या ट्रायअँगल शर्ट कारखान्यात, कामगार माल चोरतील या धास्तीने एक दार कुलूपबंदच होते, आणि तिथे १४६ जण मेले. नाट्यगृहाने शिकलेला धडा कारखान्याच्या उंबरठ्यावर थांबला होता.

पुढची पाळी घरातल्या वस्तूंची. टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये लपाछपी खेळताना मुले शिरत. कडी फक्त बाहेरून फिरे, आणि दाराच्या रबरी पट्टीमुळे ना हवा आत येई ना हाक बाहेर जाई. अमेरिकेने १९५६ मध्ये कायदा केला आणि १९५८ च्या अखेरीपासून फ्रिजचे दार आतून उघडणे बंधनकारक झाले. त्या काळात लहान मुलांना, अर्थात देखरेखीखाली, तशाच बंद पेटीत ठेवून निरीक्षणे केली गेली: काही दार ढकलत, काही मूठ फिरवू पाहत, काही नुसतीच बसून राहत. घाबरलेले मूल युक्ती शोधील, या गृहीतावर सुरक्षितता उभारता येत नाही, हे तेव्हाच कळले होते. पण फ्रिजसाठी मिळालेले हे ज्ञान त्याच अंगणात उभ्या असलेल्या मोटारीच्या डिकीपर्यंत पोहोचायला चार दशके लागली.

१९९५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरात जॅनेट फेनेल आणि त्यांच्या पतीला बंदुकीच्या धाकाने त्यांच्याच गाडीच्या डिकीत कोंबण्यात आले. अस्तर उचकटताना कुलपाची केबल हाती लागली, म्हणून दोघे वाचले. आणि दैवाने मिळालेली ती केबल प्रत्येक गाडीत हक्काने असावी, यासाठी त्यांनी मोहीम उभारली. तरीही १९९८ च्या उन्हाळ्यात तीन आठवड्यांच्या आत, तीन घटनांत, अकरा मुले डिक्यांमध्ये मरण पावली, तेव्हा कुठे सरकारी समिती बसली. सप्टेंबर २००१ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या, डिकी असलेल्या प्रत्येक नव्या गाडीत आतून उघडण्याची सोय सक्तीची झाली: बहुधा अंधारात चकाकणारी, टी आकाराची मूठ, तिच्यावर उघड्या डिकीतून उडी मारणाऱ्या माणसाचे चित्र. ती ओढली की केबल थेट कुलूप सोडते. विजेची गरज नाही.

ही शेवटची गोष्ट आज फार मोलाची आहे, कारण आता कुलपे बटणावर चालतात. काही गाड्यांत बॅटरीच डिकीत असते, म्हणजे ती उतरली की तिच्यापर्यंत पोहोचायची वाटही बंद. मग रिमोटच्या पोटातली लोखंडी चावी काढून लपवलेले छिद्र शोधायचे, किंवा मागचे आसन पाडून आत हात घालायचा. विजेवर चालणाऱ्या दारांच्या मुठी बॅटरी क्षीण होताच निकामी होतात, या तक्रारींवरून २०२५ मध्ये अमेरिकेत चौकशीही सुरू झाली. यंत्र नवे असले तरी चूक संडरलंडचीच आहे, आणि मला त्याचीच चीड येते.

आपल्याकडे सेडान बाळगणाऱ्याने आजच दिवसाउजेडी डिकी उघडून आत अशी मूठ आहे का, मागचे आसन आतून ढकलून पडते का, हे पाहावे. मूठ असेल तर घरातल्या मुलांना ती दाखवावी, आणि चावी त्यांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. आणि वाहनसुरक्षेचे निकष ठरवणाऱ्यांनी आणखी एका उन्हाळ्याची वाट न पाहता डिकी असलेल्या प्रत्येक गाडीला अशी मूठ बंधनकारक करावी: बॅटरीशिवाय चालणारी, अंधारात दिसणारी, चार वर्षांच्या मुलाच्या ताकदीने ओढली जाणारी.