मतदाराला व्हिप लागू नाही

उमेदवारांच्या याद्या जाहीर झाल्या की ‘आता काही बोलू नका, समोरच्याला फायदा होईल’ हे वाक्य दर निवडणुकीत ऐकू येते. या आठवड्यात ते एका गृहनिर्माण सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ऐकवले गेले. तीस वर्षे एकाच पक्षाला मत देणाऱ्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी त्याच पक्षाच्या उमेदवाराविषयी विचारले, ‘प्रतिज्ञापत्रात जो गुन्हा नोंदवला आहे, त्यात आरोप निश्चित झाले आहेत का?’ उत्तर कोणीच दिले नाही. ‘घरचे भांडण चव्हाट्यावर आणू नका’ असे मात्र चौघांनी सुनावले आणि संध्याकाळी त्यांना ग्रुपमधून काढण्यात आले.

खरे तर याच्याही पुढचा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने पक्षांना कधीच विचारला आहे. फेब्रुवारी २०२० च्या आदेशानुसार, लोकसभा-विधानसभेसाठी गुन्हे दाखल असलेला उमेदवार दिला, तर तोच का निवडला आणि स्वच्छ प्रतिमेचा माणूस का मिळाला नाही, हे पक्षाने वृत्तपत्रांत आणि समाजमाध्यमांवर जाहीर करायचे आहे. ‘निवडून येण्याची क्षमता’ एवढेच कारण चालणार नाही, असेही न्यायालयाने बजावले. पुढे बिहारच्या २०२० च्या निवडणुकीत हा आदेश नीट पाळला नाही म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये भाजप आणि काँग्रेससह अनेक पक्षांना प्रत्येकी १ लाख, तर राष्ट्रवादी आणि माकपला प्रत्येकी ५ लाख रुपये दंड झाला. कोट्यवधींच्या प्रचारखर्चापुढे ५ लाख म्हणजे किती? म्हणूनच हा जाब मतदाराने विचारायला हवा, आणि तोही त्याच पक्षाच्या मतदाराने. विरोधकाने विचारले तर तो प्रचार ठरतो. आपल्या माणसाने विचारले की पक्षाला हलावे लागते.

पक्षाचा आदेश, म्हणजे व्हिप, पाळायला लावणारा पक्षांतरबंदी कायदा १९८५ मध्ये आला, तो खासदार-आमदारांसाठी. नगरसेवकांसाठी महाराष्ट्रात १९८६ चा वेगळा कायदा आहे. मतदाराला बांधणारा व्हिप मात्र कोणत्याही कायद्यात नाही. नेत्यांनी तर स्वतःसाठी ही मोकळीक केव्हाच घेतली. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी होते आणि त्याच पक्षाच्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मतदान करण्याचे आवाहन केले. व्ही. व्ही. गिरी निवडून आले. नेत्याला विवेकबुद्धी असते, मग ती मतदाराला नसते काय?

बोलू दिले नाही तर काय होते, हे लातूर ग्रामीणने २०१९ मध्ये दाखवले. भाजप-शिवसेना युतीत ही जागा शिवसेनेला गेली. काँग्रेसचे धीरज देशमुख मोठ्या मताधिक्याने जिंकले आणि दुसऱ्या क्रमांकावर आला तो ‘नोटा’, २७ हजारांहून अधिक मते मिळवून! युतीचा उमेदवार तिसरा राहिला. एवढ्या लोकांची नाराजी एका दिवसात तयार झालेली नव्हती. ती उमेदवारी ठरतानाच उघडपणे ऐकली गेली असती, तर बहुधा चित्र वेगळे दिसले असते.

‘निवडणूक संपल्यावर बोला’ हा सल्ला तर निव्वळ फसवा आहे. आमदाराला परत बोलावण्याचा अधिकार आपल्याकडे मतदाराला नाही. निकालानंतर पाच वर्षे त्याच्या कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. अर्ज भरण्याची मुदत संपण्याआधी ओरड झाली, तर अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म बदलल्याची उदाहरणे आहेत. मतमोजणीनंतरच्या ओरडीने काहीही बदलत नाही.

आणि प्रतिज्ञापत्रांचे काय? २००३ पासून मतदाराला उमेदवाराचे गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण जाणून घेण्याचा हक्क पक्का झाला आहे. पण संकेतस्थळावर चढवलेल्या अनेक प्रती वाकड्या आणि पुसट असतात, हस्ताक्षर लागत नाही. वाचताच न येणारी माहिती जाहीर झाली असे कसे म्हणायचे? ती टंकलिखित आणि मराठीतच द्यावी, अशी सक्ती हवी.

ग्रुपमधून काढलेल्या त्या गृहस्थांचा प्रश्न अजून तसाच आहे. उमेदवार पुढच्या आठवड्यात त्याच सोसायटीत मते मागायला येणार आहेत. त्यांना तो तिथेच, त्यांच्याच मतदारांनी विचारावा.

– एक मतदार, पुणे