फिलेओ म्हणजे दुय्यम प्रेम? कोणी सांगितलं?

मागच्या महिन्यात नात्यातल्या एका अंत्यविधीला गेले होते. नवरा गेलेली बाई समोर बसलेली, आणि पाळक सांगत होते की बायकोचं नवऱ्यावरचं प्रेम ते नुसतं 'फिलेओ', खालच्या पायरीचं. देवाचं ते 'अगापाओ'. ग्रीकमध्ये तसंच आहे म्हणे! अंगाचा तिळपापड झाला, पण ती जागा भांडायची नव्हती. म्हणून इथे भांडते.

हा सगळा डोलारा योहानाच्या २१व्या अध्यायावर उभा. पेत्राची आपल्यावर प्रीती आहे का, असं येशू तीनदा विचारतो. पहिल्या दोन प्रश्नांत क्रियापद अगापाओ, तिसऱ्यात फिलेओ. पेत्र तिन्ही वेळा फिलेओच म्हणतो. झालं! पेत्र कमी पडला, येशू एक पायरी खाली उतरला, असं प्रवचन तयार.

अहो, पण पेत्राची पहिली दोन्ही उत्तरं 'होय'ने सुरू होतात. नाही म्हणायला कोणी होय म्हणतं का? आणि 'तिसऱ्यांदा' विचारलं म्हणून त्याला वाईट वाटलं, असं योहानच लिहितो. त्याच्या लेखी प्रश्न एकच. तिथेच तो कोकरं-मेंढरं, चारणं-पाळणं हे शब्दही बदलतो. त्यांच्या पायऱ्या कोणी लावत नाही.

बरं, पुढे पाहा. पित्याची पुत्रावरची प्रीती योहान ३:३५ मध्ये अगापाओ आहे, ५:२० मध्ये फिलेओ. दोन अध्यायांत देवाचं प्रेम उणावलं? परूश्यांना मानाच्या जागा आवडतात, तिथे लूक ११:४३ मध्ये अगापाओ म्हणतो, २०:४६ मध्ये शास्त्र्यांबद्दल फिलेओ. देमासाला जग प्रिय झालं, तेही अगापाओच. आणि जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात (२ शमुवेल १३) अम्नोनला सावत्र बहिणीची जी वासना सुटली, जिचा शेवट बलात्कारात झाला, तिलाही हेच 'दैवी' क्रियापद!

छटा असतात, मान्य. फिलेओचा अर्थ चुंबन घेणं असाही होतो, अगापाओचा नाही. मराठीत माया, लोभ, जिव्हाळा आहेतच की. मी इतकी वर्षं समानार्थी शब्द शिकवले, पण 'माया' लिहिणाऱ्या मुलाला 'प्रीती' लिहिणाऱ्यापेक्षा कमी मार्क कधी दिले नाहीत.

त्या बाईने नवऱ्याचं नऊ वर्षं अंथरुणातलं सगळं केलं. दुसऱ्या दिवशी तिला फोन करून योहान ५:२० काढायला सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, हे पाळकांना पण दाखवा ना."

रविवारी जाणार आहे.