‘ळ’ची भीती आणि ‘अश्विनी ये ना’

काही गाणी थोर असतात म्हणून टिकतात. काही तशी थोर नसतात, तरीही टिकतात. ‘अश्विनी ये ना’ हे या दुसऱ्या जातीचे. सचिन पिळगांवकर यांचा ‘गंमत जंमत’ हा चित्रपट १९८७ साली आला. शांताराम नांदगावकरांचे शब्द, अरुण पौडवालांची चाल, किशोरकुमार आणि अनुराधा पौडवाल यांचे स्वर, आणि पडद्यावर चारुशीला साबळेंची मनधरणी करणारे अशोक सराफ! प्रियकराने प्रेयसीला ‘ये’ म्हणावे, एवढाच मामला. काव्य शोधू जाल तर फारसे हाती लागणार नाही. पण लग्नाची वरात असो वा कॉलेजचे गॅदरिंग, हे गाणे सुरू झाले की मागे उभी असलेली मुले आणि पुढच्या खुर्चीतले प्राध्यापक, दोघांचेही पाय हलू लागतात. ज्या वर्गात एखादी अश्विनी असेल, तिच्या सहनशक्तीचे मात्र कौतुकच केले पाहिजे!

हे कशामुळे? चाल सोपी आहे, अशोक सराफ लाडके आहेत, हे खरेच. परंतु माझ्या मते खरी गंमत गाणाऱ्याच्या मराठीत आहे.

किशोरकुमार खांडव्याचा, बंगाली घरातला. खांडवा आपल्याला दूरचे नाही. भुसावळहून इटारसीकडे निघालात की बऱ्हाणपूर आणि मग खांडवा. सातपुड्याच्या या अंगाला आपण, त्या अंगाला तो. हिंदी गाण्यांनी देश वेड लावणाऱ्या या गायकाला मराठीतल्या ‘च’ आणि ‘ळ’ या दोन अक्षरांची धास्ती वाटे, म्हणून नांदगावकरांनी ती अक्षरे टाळून गीत रचले, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. एवढे करूनही कान देऊन ऐकले की कळतेच, हा गडी मूळचा मराठी नव्हे. पण तो कचरत नाही. लाडात येतो, विनवतो, खट्याळपणा करतो आणि आपण खुशाल त्याच्या मागे जातो. त्याचे उच्चार तपासायला कोणी लाल शाई घेऊन बसले नाही. ऑक्टोबर १९८७ मध्ये तो गेला. त्याचे हे मराठी मात्र आपण जपून ठेवले.

आता जरा आपल्याकडे पाहू. ‘ळ’शी आपलेही फारसे सख्य नाही. अहिराणीत आणि लेवा बोलीत त्याचा ‘य’ होतो. डोळा ‘डोया’ होतो, शाळा ‘शाया’ होते; फार काय, आपले जळगावच ‘जयगाव’ होते! मात्र दूरच्या शहरातल्या वक्तृत्व स्पर्धेत आपल्या एखाद्या मुलाच्या तोंडून ‘डोया’ निसटला की सभागृहात खसखस पिकते. मग घरी अखंड बोलणारा हाच मुलगा वर्गात तोंड मिटून बसतो. किशोरकुमारचा अडखळणारा ‘ळ’ म्हणजे गोडवा आणि आमचा ‘य’ म्हणजे गावंढळपणा, हा कुठला न्याय?

कोणी म्हणेल, तो थोर कलावंत होता. होताच; पण त्याचे थोरपण ‘ळ’मध्ये नव्हते. असोद्याच्या बहिणाबाईंनाही ‘डोये’ म्हणण्याची लाज वाटली नाही. १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली आणि अवघ्या महाराष्ट्राने ती डोक्यावर घेतली. २०१८ पासून तर आपल्या विद्यापीठालाच त्यांचे नाव आहे. पदवीच्या कागदावर बहिणाबाई आणि त्यांच्या बोलीला हसू, हे जुळत नाही.

प्रमाण मराठी नको, असे माझे म्हणणे नाही. चंदगडच्या माणसाचे चोपड्याच्या माणसाला समजायचे तर ती हवीच. उत्तरपत्रिकेत, वर्तमानपत्रात, कोर्टकचेरीत ती शिकून घेतलीच पाहिजे. पण ती सर्वांना जाण्यायेण्याचा रस्ता असावी. उच्चाराची जकात वसूल करणारा नाका नसावी.

म्हणून एक सूचना. आपल्या स्नेहसंमेलनातील वक्तृत्व स्पर्धेत एक गट अहिराणीचा आणि लेवा बोलीचा ठेवावा, आणि इतर गटांत केवळ उच्चारासाठी गुण कापू नयेत. ‘ळ’ काय, सवयीने येईल. आधी मुलांना बोलू तर द्या!