थट्टा चालेल, हिशेब नको!

कलाबाजाराची टिंगल करणाऱ्या कलाकृतींना हल्ली ‘बंडखोर’ म्हणतात. आम्हांला हे बंड काही पटत नाही. ज्याची टिंगल, तोच टाळ्या वाजवून पैसे मोजतो, हे कसलं बंड?

२०१८ साली लंडनला सदबीजच्या लिलावात बँक्सीचं चित्र १० लाख ४२ हजार पौंडांना गेलं. हातोडा पडला आणि चौकटीत लपवलेल्या यंत्रानं अर्ध्या चित्राच्या पट्ट्या केल्या. बाजाराचं नाक कापलं म्हणावं, तर २०२१ साली तेच फाटकं चित्र तिथंच १ कोटी ८५ लाखांवर गेलं! आमची बोहारीण फाटक्या लुगड्याला साधा चमचा देत नाही.

खरी खोडी काढली हान्स हाकनं. कोलोनच्या म्युझियममध्ये मानेचं शतावरीच्या जुडीचं चित्र आहे. ती जुडी आजवर कुणाकुणाकडे होती आणि त्या मंडळींचे उद्योग काय, याचे त्यानं १० फलक केले. त्यात म्युझियमला चित्र मिळवून देणारे बँकवाले हेर्मान आब्सही आले, नाझी काळातल्या पदांसकट. ना विनोद, ना यंत्र, नुसता हिशेब. १९७४ साली म्युझियमनं फलक नाकारले. डॅनियल ब्यूरेननं त्यांच्या प्रती आपल्या कामावर डकवल्या, तर त्यांवर पांढरा कागद चिकटवला!

लग्नात वरमाईची थट्टा करा, ती पदर तोंडाला लावून हसेल. हुंड्याचा आकडा मांडवात मोठ्यांदा वाचा, मग बघा! म्हणून कुणी ‘बंडखोर’ चित्र दाखवलं, की आम्ही एवढंच विचारतो, “वरून कागद चिकटवला का हो कुणी?”